पेशीच्या वेशीवरील रखवालदार आणि त्याला थोपविणारी औषधे

रोग्याने गोळी गिळली म्हणजे ती सारीच्या सारी रक्तात उतरली, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती तशी नाही. आतड्याच्या अस्तरातील पेशी औषधाचा काही भाग आत येऊ देतात आणि आत आलेल्यापैकी काही भाग पुन्हा आतड्याच्या पोकळीत फेकून देतात. हे फेकण्याचे काम करणारे एक प्रथिन पेशीच्या पटलात रुतून बसलेले असते. त्याच्या बाहेरच्या अंगास शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या असल्यामुळे त्याची गणना शर्कराप्रथिनांत होते. शास्त्रज्ञ त्याला पी-ग्लायकोप्रोटीन असे म्हणतात. शरीराच्या संरक्षणाची एक मोठी जबाबदारी या प्रथिनावर आहे. असे असूनही हा रखवालदार काही काळ निष्क्रिय करता यावा यासाठी औषधशास्त्राने गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे प्रयत्न केले आहेत. त्या प्रयत्नांतून जे यश मिळाले त्यापेक्षा जे अपयश पदरी आले तेच अधिक बोधप्रद ठरले.

या प्रथिनाचा शोध कर्करोगाच्या उपचारातील एका कोड्यातून लागला. रसायनोपचाराने प्रारंभी आटोक्यात आलेला कर्करोग काही महिन्यांनी पुन्हा उसळतो आणि मग ज्या औषधाने गुण आला होता त्याला दाद देत नाही, हा अनुभव सर्वत्र येत होता. अधिक चमत्कारिक बाब अशी की, ज्या औषधांशी त्या पेशींचा कधी संबंधच आला नव्हता, अशा निराळ्या रचनेच्या औषधांनाही त्या जुमानीत नसत. १९७० साली प्रयोगशाळेत वाढविलेल्या पेशींत ही गोष्ट प्रथम नीटपणे नोंदली गेली. त्यानंतर तीन वर्षांनी डेन्मार्कमधील केल्ड डानो यांनी असे दाखविले की, अशा निर्ढावलेल्या पेशी औषध आत घेतच नाहीत असे नव्हे, तर घेतलेले औषध ऊर्जा खर्च करून बाहेर टाकतात. १९७६ साली कॅनडातील टोरांटो येथे रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग या दोघांनी चिनी हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींना कोल्चिसीन या विषारी द्रव्याची सवय लावली आणि सवयीच्या पेशींच्या पृष्ठभागावर एक मोठे शर्कराप्रथिन विपुल प्रमाणात असल्याचे दाखवून दिले. औषधाला पेशीत शिरू देण्याच्या क्षमतेशी, म्हणजे पारगम्यतेशी त्याचा संबंध असावा असे वाटल्यामुळे त्या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर 'पी' त्याच्या नावाला जोडले गेले.

येथे एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. कोल्चिसीन हे द्रव्य आपल्याकडील कळलावीच्या कंदात आणि बियांतही असते. कळलावीचा कंद पोटात गेल्याने होणारी विषबाधा ग्रामीण भागास अपरिचित नाही.

पंप चालतो कसा

पी-ग्लायकोप्रोटीन हे १,२८० अमिनो आम्लांच्या एका दीर्घ साखळीचे बनलेले असते. ही साखळी पेशीपटलातून बारा वेळा आरपार ओवलेली असते. मानवात तिचे जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. १९८६ साली हे जनुक हाती आले आणि २००९ साली उंदराच्या शरीरातील याच प्रथिनाची त्रिमितीय रचना क्ष-किरणांच्या साहाय्याने उलगडली. दोन हातांची ओंजळ पालथी धरावी तसा त्याचा आकार दिसतो. ओंजळीचे तोंड पेशीच्या आतील बाजूस असते. पटलाच्या स्निग्ध थरात शिरलेला औषधाचा रेणू या ओंजळीत सापडला की, एटीपी या ऊर्जावाहक द्रव्याच्या विघटनातून मिळणाऱ्या शक्तीने ओंजळ उलटते आणि रेणू बाहेर टाकला जातो.

बहुतेक प्रथिने एका विशिष्ट रेणूलाच ओळखतात. कुलपाला आपली एकच किल्ली चालावी तसे. या प्रथिनाचे तसे नाही. त्याची पोकळी प्रशस्त आणि लवचीक असल्याने रचनेत परस्परांशी काडीचेही साम्य नसलेली शेकडो द्रव्ये त्यात सामावतात. सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन, यू वृक्षाच्या सालीत आढळलेले पॅक्लिटॅक्सेल, हृदयविकारावरील डिगॉक्सिन आणि जंतनाशक आयव्हरमेक्टिन ही सर्व त्यात आली. कर्करोगाच्या पेशीला एकदा हा पंप भरपूर प्रमाणात लाभला की ती अनेक औषधांना एकाच वेळी का दाद देत नाही, याचा उलगडा यावरून होतो.

तथापि हे प्रथिन मुळात कर्करोगासाठी निर्माण झालेले नाही. १९८७ नंतरच्या तपासण्यांत ते निरोगी शरीरातही ठिकठिकाणी आढळले, आणि त्याच्या जागा पाहिल्या की त्याचे प्रयोजन ध्यानात येते. आतड्यात ते अन्नातून आलेली अपायकारक द्रव्ये पोकळीत परत लोटते. यकृतात ती पित्तात आणि मूत्रपिंडात मूत्रात ढकलते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या आतल्या अस्तरात ते रक्ताच्या बाजूस तोंड करून उभे असते आणि मेंदूत शिरू पाहणारे द्रव्य रक्तात परत पाठविते. गर्भवतीच्या वारेतही ते असते. जेथे जेथे परके द्रव्य शिरण्याचा धोका आहे, तेथे तेथे निसर्गाने हा पहारा बसविला आहे.

पहारा नसला तर काय होते

या पहाऱ्याची खरी किंमत एका आकस्मिक घटनेने कळली. ॲमस्टरडॅम येथील कर्करोग संशोधन संस्थेत हे जनुक काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले होते. ते नेहमीसारखे खात, वाढत आणि प्रजाही निर्माण करीत. त्यांच्यात काहीच उणे दिसत नव्हते. पुढे उंदरांच्या अंगावर बारीक किडीचा उपद्रव झाला म्हणून नित्याच्या पद्धतीने आयव्हरमेक्टिनचा फवारा मारण्यात आला, तेव्हा जनुकहीन उंदीर मरून पडले. इतरांना काहीही झाले नाही. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या या संशोधनात असे आढळले की, ते उंदीर या औषधास सुमारे शंभर पट अधिक संवेदनक्षम होते आणि त्यांच्या मेंदूत औषधाचा प्रचंड साठा झाला होता.

आयव्हरमेक्टिन जंतांच्या मज्जातंतूंवर आघात करून त्यांना लुळे करते. आपल्या मेंदूतही त्याला बाधतील अशा जागा आहेत. परंतु पी-ग्लायकोप्रोटीन त्याला तेथवर पोहोचू देत नाही. कॉली जातीची काही कुत्री आयव्हरमेक्टिनच्या मोठ्या मात्रेने थरथर कापतात, लडखडतात आणि बेशुद्ध होतात, हे पशुवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. त्याचे कारण २००१ साली कळले. या कुत्र्यांच्या जनुकातून चार अक्षरे गळलेली असतात आणि त्यामुळे त्यांच्या शरीरात हे प्रथिन पूर्ण तयारच होत नाही. माणसात असा जन्मजात दोष अत्यंत दुर्मिळ आहे. तथापि २०२० साली फ्रान्समधून प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तांतात, आयव्हरमेक्टिनच्या साध्या मात्रेनंतर बेशुद्ध झालेल्या एका मुलात या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष आढळल्या. तो मुलगा पुढे बरा झाला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही माहिती केवळ पुस्तकी नाही. हत्तीरोगाच्या निर्मूलनासाठी आयव्हरमेक्टिन, डीईसी आणि अल्बेंडाझोल या तीन औषधांची एकत्रित सामुदायिक मोहीम २०१९ साली नागपूर जिल्ह्यात हाती घेण्यात आली. अशा मोहिमेत आयव्हरमेक्टिनची मात्रा उंचीनुसार ठरते. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीची बालके, गरोदर स्त्रिया आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना ते दिले जात नाही. लक्षावधी निरोगी माणसांना हे औषध निर्धास्तपणे देता येते, याच्या मुळाशी मेंदूच्या वेशीवरील हा पहारा आहे. गुरांच्या गोचिडांसाठी आणलेले औषध माणसाने स्वतः घेऊ नये किंवा अंदाजाने कुत्र्यास पाजू नये, असे पशुवैद्यक अधिकारी सांगतात, त्यामागेही हेच कारण आहे. पहारा मजबूत असला तरी त्याच्या क्षमतेला मर्यादा असते.

निरोधकांची आशा आणि निराशा

कर्करोगतज्ज्ञांचा विचार साहजिकच उलट्या दिशेने चालला. पंप बंद पाडला तर औषध पेशीत टिकेल आणि निर्ढावलेला कर्करोग पुन्हा वठणीवर येईल, अशी कल्पना पुढे आली. १९८१ साली जपानमधील ताकाशी त्सुरुओ यांनी रक्तदाब आणि हृदयविकार यांवर वापरल्या जाणाऱ्या वेरापामिल या औषधाने ही गोष्ट प्रयोगशाळेत साध्य होते असे दाखविले. व्हिन्क्रिस्टीनला न जुमानणाऱ्या रक्तकर्काच्या पेशी वेरापामिलच्या सान्निध्यात पुन्हा मरू लागल्या. वेरापामिल स्वतः विषारी नव्हते. ते पंपाची ओंजळ अडवून ठेवीत होते. अशा द्रव्यांना निरोधक म्हणतात.

प्रयोगशाळेतील हे यश रुग्णालयात टिकले नाही. पंप अडविण्यास लागणारी वेरापामिलची मात्रा माणसाला दिली असता रक्तदाब घसरे आणि हृदयाचे ठोके मंदावत. सायक्लोस्पोरीन या प्रत्यारोपणाच्या औषधातही निरोधक गुण आढळला; २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत रक्तकर्काच्या बिकट रुग्णांना त्याचा लाभही झाला. त्याच औषधाचा सुधारित अवतार म्हणजे व्हॅल्स्पोडार. रोगप्रतिकारशक्ती न दडपणारा आणि अधिक समर्थ असा हा निरोधक असल्याने त्यावर मोठी भिस्त होती. साठीपुढील रक्तकर्क रुग्णांवरील चाचणीत व्हॅल्स्पोडार दिलेल्या गटात प्रारंभीच मृत्यू अधिक होऊ लागले आणि तो गट बंद करावा लागला. हे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले.

असे का व्हावे? कर्करोगाच्या पेशीतील पंप अडविणारे औषध यकृतातील आणि मूत्रपिंडातील पंपही अडविते. त्याबरोबर यकृतातील औषधे मोडणारी विकरेही मंदावतात. परिणामी रसायनोपचाराची औषधे शरीराबाहेर पडेनाशी होतात आणि साचून रोग्यालाच बाधतात. ते टाळण्यासाठी त्यांची मात्रा कमी करावी, तर कर्करोगावरील मारा दुबळा होतो. पहारेकऱ्याला दूर करावयाचे ते शत्रूच्या दारावरून, पण दूर झाला तो घरच्या दारावरूनही, असा हा पेच होता.

यकृतातील विकरांना न छेडणारी, केवळ पंपालाच नेमके पकडणारी तिसऱ्या पिढीची औषधे मग तयार झाली. त्यांपैकी टॅरिक्विडारच्या फुप्फुसाच्या कर्करोगावरील चाचण्या २००३ साली थांबवाव्या लागल्या. झोसुक्विडारची चाचणी वयस्क रक्तकर्क रुग्णांवर झाली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत रुग्णांचे आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. दरम्यान, कर्करोगाच्या पेशीजवळ हा एकच पंप नसतो, हेही स्पष्ट झाले होते. १९९२ आणि १९९८ साली तशाच स्वरूपाचे दुसरे दोन पंप उजेडात आले होते. एक दार अडवावे तर माल दुसऱ्या दाराने बाहेर जातो. शिवाय अनेक चाचण्यांत, ज्या रोग्याच्या गाठीत हा पंप आहे त्यालाच निरोधक द्यावा, अशी निवडही करण्यात आली नव्हती. हा दोष औषधाचा नसून नियोजनाचा म्हणावा लागेल. कर्करोगाचा निर्ढावलेपणा मोडण्यासाठी म्हणून या जातीच्या एकाही निरोधकास मान्यता मिळू शकलेली नाही.

अलीकडचा एक प्रयत्न अधिक सुज्ञ होता. एन्सेक्विडार हा निरोधक आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलाच जात नाही. त्यामुळे तो केवळ आतड्यातील पंप अडवितो आणि एरव्ही शिरेतून द्यावे लागणारे पॅक्लिटॅक्सेल तोंडावाटे देता येते. स्तनाच्या कर्करोगावरील चाचणीत गाठी लहान होण्याचे प्रमाण शिरेतील औषधापेक्षा अधिक आढळले. परंतु रक्तातील पांढऱ्या पेशी घटून उद्भवणारे धोकेही अधिक दिसले आणि २०२१ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याला मान्यता नाकारली.

नकळत होणारा निरोध

कर्करोगासाठी हेतुपूर्वक केलेला निरोध फसला. पण नकळत होणारा निरोध रोजच घडत असतो आणि सामान्य रुग्णाशी खरा संबंध त्याचाच आहे. अनेक परिचित औषधे या पंपास अडवितात. वेरापामिल, हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील अमिओडॅरोन आणि क्विनिडीन, क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक, बुरशीवरील इट्राकोनाझोल आणि विषाणुविरोधी रिटोनाविर ही त्यांपैकी काही होत. ही औषधे घातक आहेत असे नाही. प्रश्न त्यांच्या जोडीला दुसरे कोणते औषध चालू आहे, हा असतो.

डिगॉक्सिनचे उदाहरण सर्वांत जुने आहे. दुबळ्या हृदयास दिल्या जाणाऱ्या या औषधाची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे असते. त्यासोबत क्विनिडीन दिल्यास रक्तातील डिगॉक्सिनचे प्रमाण सुमारे दुप्पट होते, हे १९७८ साली लक्षात आले. त्याचे कारण मात्र पंपाची ओळख पटल्यानंतर, दोन दशकांनी उमगले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, डिगॉक्सिनच्या विषबाधेने रुग्णालयात दाखल झालेल्या वृद्धांना आदल्या आठवड्यात क्लॅरिथ्रोमायसिन दिलेले असण्याची शक्यता इतरांच्या मानाने सुमारे बारा पट आढळली. खोकल्या-तापासाठी दिलेले साधे प्रतिजैविक, इतकाच तो प्रकार असतो.

ज्या कोल्चिसीनमुळे या प्रथिनाचा शोध लागला, ते द्रव्य अल्प मात्रेत वातरक्तावरील औषध म्हणून दिले जाते. त्याच्या जोडीला क्लॅरिथ्रोमायसिन आले असता, विशेषतः मूत्रपिंड दुबळे असलेल्या रुग्णांत, मृत्यू ओढवल्याची नोंद आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बिघडलेल्या रुग्णास कोल्चिसीनसोबत अशी निरोधक औषधे देऊ नयेत, असा स्पष्ट निषेध औषधाच्या माहितीपत्रकात केलेला असतो.

जुलाब थांबविणाऱ्या लोपेरामाइडची कथा निराळी आहे. हे औषध मूलतः अफूच्या वर्गातील होय. तरीही त्याने गुंगी येत नाही, कारण मेंदूच्या दारावरून पंप त्याला परतवितो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठ निरोगी पुरुषांना लोपेरामाइडसोबत क्विनिडीन देण्यात आले, तेव्हा त्यांच्या श्वसनावर अफूसारखा परिणाम दिसून आला. ज्या औषधाला पोटापुरते समजले जाते, त्याला मेंदूचे दार असे उघडून मिळते.

याच्या नेमके उलटही घडू शकते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे या पंपाला अडवीत नाही. ते त्याची संख्या वाढविते. १९९९ सालच्या एका अभ्यासात रिफॅम्पिसिन घेतल्यानंतर आतड्यातील पंपाचे प्रमाण सुमारे साडेतीन पट झालेले आढळले आणि तोंडावाटे दिलेले डिगॉक्सिन रक्तात कमी पोहोचू लागले. क्षयाचे उपचार महिनोगणती चालतात. त्या काळात हृदयाचे औषध अपुरे पडते आणि रिफॅम्पिसिन थांबताच, मात्रा वाढविलेली असल्यास, तेच औषध अधिक होऊन बसते.

अनुपानातील मिरी

या विषयास आपल्या परंपरेतील एक धागाही जोडलेला आहे. सुंठ, मिरी आणि पिंपळी या त्रिकटूची योजना आयुर्वेदातील कितीतरी योगांत आढळते. जम्मू येथील प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत सी. के. अटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या योजनेचे मर्म शोधण्याचा प्रयत्न केला. पिंपळीसोबत दिले असता अडुळशातील वासिसीन हे द्रव्य रक्तात अधिक प्रमाणात मिळते, असे त्यांनी १९८१ साली दाखविले. मिरी आणि पिंपळी यांतील तिखट सत्त्व पायपरीन हे यामागील मुख्य द्रव्य होय. पायपरीन मानवी पी-ग्लायकोप्रोटीनला आणि औषधे मोडणाऱ्या एका प्रमुख विकरालाही अडविते, असे २००२ साली सिद्ध झाले. याच ज्ञानाच्या आधारे रिफॅम्पिसिनची मात्रा कमी करून त्यात १० मिलिग्रॅम पायपरीन मिसळलेले एक औषध २००९ साली भारतीय बाजारात आले. राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात मात्र वजनानुसार ठरलेल्या एकत्रित मात्रेच्या नेहमीच्या गोळ्या देतात. त्यांत पायपरीन नसते.

स्वयंपाकातील चिमूटभर मिरीने भिण्याचे कारण नाही. पायपरीनचा संहत अर्क घातलेल्या 'शोषण वाढविणाऱ्या' गोळ्या आणि चूर्णे सर्रास विकली जातात, त्यांची गोष्ट वेगळी आहे. डिगॉक्सिन, प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस किंवा रक्त पातळ ठेवणारे डाबिगॅट्रान चालू असलेल्या रुग्णाने असा अर्क घेणे म्हणजे मात्रा स्वतःच्या हाताने बदलण्यासारखे आहे. हृदयाच्या गोळ्या जिल्हा रुग्णालयातून, खोकल्याचे औषध गावातील दवाखान्यातून आणि चूर्ण बाजारातून, अशी एका घरात तीन ठिकाणची औषधे असतात आणि देणाऱ्या तिघांनाही एकमेकांची वार्ता नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना घरातील सर्व वेष्टने एका पिशवीत घालून नेली, तर ही अडचण बरीच दूर होते. चूर्णाची डबीही त्यात असावी. डिगॉक्सिन घेणाऱ्या वृद्धास नवे औषध सुरू झाल्यावर काही दिवसांत अन्न नकोसे झाले, मळमळू लागले, नाडी मंद किंवा अनियमित झाली अथवा सभोवतालच्या वस्तू पिवळसर दिसू लागल्या, तर तो म्हातारपणाचा किंवा पित्ताचा त्रास समजून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रक्तातील डिगॉक्सिनचे प्रमाण तपासणीने कळू शकते.